डिस्कवरचा शेंदूर

पालमच्या एसटी स्टँडमागं पत्र्याच्या शेडात राधाकिशन मिस्त्रीचं गॅरेज आहे. मोटारसायकलीचं कुठलंही दुखणं घेऊन जा, माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो. त्यातही ब्रेक म्हणजे त्याची खास जहागीर. डिस्कब्रेकच्या गाड्या तालुक्यात नव्यानं आल्या तेव्हा बाकीचे मिस्त्री त्यांना हात लावायला कचरायचे आणि ह्या गड्यानं पार गंगाखेडपर्यंतची गिऱ्हाइकं ओढून आणली. हाताला यश, जिभेवर साखर, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. ऐब म्हणाल तर एकच. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही.

आता हा ऐब कुणाला नसतो? तुम्हाला नाही का मला नाही? पण आपण निदान झाकून ठेवतो. राधाकिशनच्या तोंडावर तो उमटतो. समोरच्या टपरीवाल्यानं नवा फ्रीज आणला, तर ह्याला दुपारची भाकरी गेली नाही. चुलतभावाच्या बोअरला पाणी लागलं, तेव्हा ह्यानं दोन दिवस अंथरूण धरलं. अंगात ताप नव्हता, काही नव्हतं. कोकिळानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, डोक्याला बाम चोळता चोळता विचारलं, “पाणी त्यायला लागलं, तुमाला काय झालं?” तर हा भिंतीकडं तोंड करून झोपला.

ही कोकिळा म्हणजे त्याच्या गॅरेजचा अर्धा भाग. लग्नानंतरची पहिली चार वर्षं दोघं ऊसतोडीला जायचे. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. माणसं दोन, पण कोयता एक. तो तोडायचा, ती पाचट काढून मोळी बांधायची, आणि दिवसभरात दोघांना बोलायचं कामच पडायचं नाही. टोळीचा ट्रॅक्टर दुरुस्त करता करता तो मिस्त्री झाला, दोघांची ऊसतोड सुटली आणि पालमला शेड उभं राहिलं. पण ब्रेकचं काम आलं की पुन्हा जोडी लागायचीच. ब्रेकच्या नळीत हवा अडकली की हँडलचा लिव्हर सैल कणकेसारखा दाबला जातो आणि गाडी काही थांबत नाही. गॅरेजात ह्याला एअर काढणं म्हणतात. एकानं वर लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी बसून बारका नट ढिला करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, नट आवळायचा, आणि मगच वरच्यानं लिव्हर सोडायचा. वरच्यानं जरा घाई केली की बाहेरची हवा आत, अन् केलेलं सगळं पाण्यात. राधाकिशन खालून म्हणायचा, “दाब.” कोकिळा वरून म्हणायची, “धरलंय.” मग तो म्हणायचा, “सोड.” गेली चौदा वर्षं हे असं चाललंय. चूल सांभाळून, पोरीची शाळा सांभाळून ती शेडात यायची, आणि तिचं ते “धरलंय” ऐकलं की राधाकिशनच्या जिवाला बरं वाटायचं. तो तिला हे कधी म्हणाला नाही. म्हणायचं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

तर ह्या माणसाला जगात सगळ्यात जास्त कोण खुपत होतं? साडू. कोकिळेची धाकटी बहीण पंकजा, तिचा नवरा ओमप्रकाश. वयानं दहा-अकरा वर्षांनी लहान, गंगाखेडकडं एका साखर कारखान्यात केमिस्ट. ज्या उसाच्या मोळ्या राधाकिशननं डोक्यावर वाहून मान वाकडी करून घेतली, त्याच उसाचा रस हा गडी काचेच्या नळीत धरून उजेडात बघायचा, आणि त्याचा त्याला महिन्याला पगार. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. नम्र, हसरा, भेटला की वाकून पाया पडणार, “दाजी, दाजी” करणार. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

सासुरवाडी चुडाव्याची. सासूबाई नर्मदाबाई जिभेनं दोन्ही जावई सारखेच म्हणायच्या, पण डोळे काही लपत नाहीत. ओमप्रकाश आला की त्या पदर सावरत दारापर्यंत यायच्या. राधाकिशन आला की आतूनच आवाज, “या, बसा.” थोरला जावई असून! त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि परतीच्या वाटेवर तो सगळा कोकिळेच्या कानावर ओतायचा.

त्यात ओमप्रकाशनं ती गाडी घेतली. नारंगी, उंच, पुढं वाकलेली, तालुक्यात तसली दुसरी नाही. नुसती घेऊन थांबला का? नाही. एके दिवशी पंकजाचा फोन आला की, हे हैदराबादला ट्रॅक डेला चाललेत.

“ते काय आसतंय?” राधाकिशननं विचारलं.

“शहराच्या भाईर गोल गोल वळणाचा बंद रस्ता बांधलाय म्हणं,” कोकिळा फोन ठेवत म्हणाली. “पैसे भरायचे, आपली गाडी घिऊन जायचं आन् दिवसभर सुसाट पळवायची.”

“शर्यत हाय?”

“शर्यत न्हाई म्हणं.”

“बक्षीस?”

“बक्षीसबी न्हाई.”

“मग कामून जायलाय त्यो?” राधाकिशन उखडला. “डोकं फिरलंय का?”

बोलला खरा, पण रात्रभर त्याच्या डोळ्यांपुढं ती नारंगी गाडी वळणं घेत राहिली, आणि सांगतो तुम्हाला, गाडीवर ओमप्रकाश नव्हता, राधाकिशन होता.

पंकजानं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. ट्रॅकवर जायच्या आधी पुढचे ब्रेकपॅड बदलायचे आणि ब्रेकमधलं जुनं तेल काढून नवं भरायचं. हे ऐकल्यावर मात्र राधाकिशनची कळी खुलली. आता कळेल बेट्याला! काचेच्या नळीनं ब्रेक होत नसतो, तिथं दाजीच लागतो.

योग असा की महिना अधिकाचा. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. जावयाला नारायण समजून बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. नर्मदाबाईंनी दोन्ही जावयांना एकाच शनिवारी सांगावा धाडला. त्याच दुपारी जेवून ओमप्रकाश तिथूनच नांदेडमार्गे हैदराबादला निघणार होता. पॅड कुरियरनं आदल्या दिवशी आले होते, म्हणजे ब्रेकचं काम चुडाव्याच्या अंगणातच होणार हे नक्की. राधाकिशननं पिशवीत पाने भरले, कानस भरली, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेतली, सलाईनची स्वच्छ नळी घेतली. कोकिळा बघत होती.

“धोंडे खायला चाललाव का गॅरेज टाकायला?”

“आसू दे. त्याला लागंल.”

“त्यानं मागितलंय का?”

“मागंल की. न मागून जातंय कुठं?”

चुडाव्याला पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि ऊन आत्ताच डोक्यावर बसलं होतं. अंगणात लिंबाखाली ती गाडी उभी, आणि तिच्यापुढं चटई अंथरून ओमप्रकाश बसलेला. हातात रबरी मोजे. चटईवर नवेकोरे पाने ओळीनं मांडलेले, पॅडचं खोकं, तेलाची बाटली, आणि विटेला टेकवून मोबाइल, त्यात कुणीतरी गोरा माणूस चाक उघडून दाखवत होता. राधाकिशनला बघताच तो उठला, मोजे काढून पाया पडला.

“आण हिकडं पाना,” राधाकिशन बाह्या सरसावत म्हणाला. “अर्ध्या तासात करून देतो.”

“नको दाजी, तुमी बसा. आज तुमी पाव्हणे,” ओमप्रकाश हसून म्हणाला. “ट्रॅकवर जाणाऱ्यानं आपली गाडी एकदा तरी आपल्या हातानं उघडावी, असं ते लोक म्हणतात. मलाबी करून बघायचंय.”

नारायणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या! पिशवी त्यानं बाजेखाली सरकवली आणि बाजेवर बसला. बसून काय करणार, तर बघणार. आणि मनातल्या मनात देवाला नवस बोलणार की, ह्याचं काहीतरी चुकू दे.

पण चुकेना की हो! ओमप्रकाशनं पिना सरळ काढल्या. जुने पॅड बाहेर काढून घासलेला भाग बोटानं चाचपला. नवे जाड पॅड बसायचे तर आतले पिस्टन मागं ढकलावे लागतात, आणि ते ढकलताना वरच्या डबीतलं तेल उतू जातं. तिथं तरी हा फसेल म्हणून राधाकिशन पुढं झुकला, तर पठ्ठ्यानं आधीच डबीभोवती फडकं गुंडाळलेलं. पुढच्या चाकाची ती चकचकीत लोखंडी चकती, जिला डिस्क म्हणतात, ती त्यानं फवारा मारून दोनदा पुसली. मोबाइलमधला गोरा म्हणाला असावा की डिस्कला तेलकट बोट लावू नका, म्हणून दर खेपेला साबणानं हात धुऊन यायचा. तीनदा गेला धुवायला. पंकजा ओट्यावरून कौतुकानं बघत होती, आणि नर्मदाबाई पुरण वाटता वाटता म्हणाल्या, “बघा बाई, एवढा शिकलेला माणूस, पर कशाची लाज न्हाई. हातानं करायलाय सगळं.”

चौदा वर्षं राधाकिशन हातानंच करत होता. त्याचं कुणाला कौतुक?

आता तेल बदलायची वेळ आली. पंकजा लिव्हर दाबायला उभी राहिली, पण नट आवळायच्या आधीच सोडून द्यायची. दोन खेपा झाल्या, आत हवा शिरली. ओमप्रकाशनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला आणि स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली.

“ताई, जरा येता का? तुमाला सवय हाय म्हणं.”

राधाकिशन बाजेवर ताठ झाला. कोकिळा पिठाचे हात धुऊन दारात आली आणि तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. “जाऊ का?”

“जा की,” तो म्हणाला. “मी काय धरून ठिवलंय?”

ती गेली. पदर खोचला, लिव्हरवर चार बोटं ठेवली. ओमप्रकाश खाली बसला.

“दाबा, ताई.”

“धरलंय.”

ऐकलंत का? तोच शब्द. तसाच, शेवटी जरा खाली येणारा. आपली बायको परक्याशी गुलुगुलु बोलताना सापडावी आणि माणसाला काय वाटावं, तसं राधाकिशनला वाटलं, आणि समोर तर भर उन्हात, सासूच्या देखत, गाडीचा ब्रेक चाललेला! हे कुणाला सांगणार? सांगितलं तर लोक हसतील. त्याला स्वतःलाही हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. “दाबा.” “धरलंय.” “सोडा.” “दाबा.” “धरलंय.” दहा-बारा खेपांत दोघांचा हात असा बसला, की जणू हाच कोयता दोन हंगाम एकत्र राबलाय.

“झालं,” ओमप्रकाश नळीकडं बघत म्हणाला. “बुडबुडे बंद झाले.”

“थांबा, पाव्हणं,” कोकिळा म्हणाली. “आजून हाय. शेवटाला बोटाला मऊ लागायलंय. हँडल ह्या अंगाला वळवा, वरच्या टोकाला हवा अडकली आसंल. नळीला टिचक्या मारा जरा.”

त्यानं टिचक्या मारल्या. “दाबा.” “धरलंय.” आणि नळीतून ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा वर आला.

“आयला!” ओमप्रकाश ओरडला. “ताई, मिस्त्री तर तुमीच हाव की!”

“मग!” पंकजा टाळी वाजवून म्हणाली. “दाजीच्या गॅरेजात सगळ्या ब्रेकची परीक्षा माझी ताईच घेती.”

कोकिळा लाजली. असली लाजली की कानापर्यंत लाल झाली, आणि राधाकिशननं ते बघितलं. ‘आजून हाय’ असं ती त्यालाही म्हणायची. रोज म्हणायची. आणि तो नुसता “दाब” म्हणायचा. गिऱ्हाईक येऊन लिव्हर दाबून “वा मिस्त्री!” करायचं, तेव्हा ती केव्हाच चुलीपुढं गेलेली असायची. ह्या केमिस्टनं एका सकाळी जे दिलं, ते ह्यानं चौदा वर्षांत दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथं माणसानं शरमावं. पण जळणाऱ्याला शरम सुचत नाही. आधी साडूवर जळत होता, आता बायकोवरही जळायला लागला.

“दाजी,” ओमप्रकाश उठून मनापासून म्हणाला, “एकदा तुमचा हात लावून बघता का? तुमी हो म्हणलं की मला इस्वास वाटंल.”

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर विरघळला असता. “मी कशाला?” राधाकिशन म्हणाला. “तुमचं तुमी केलंय. चांगलंच आसंल.”

ओमप्रकाश जरासा हिरमुसला, सामान आवरलं आणि आंघोळीला गेला. दोघी बहिणी आत गेल्या, नर्मदाबाई देवळाला. अंगणात लिंबाची विरळ सावली, ती गाडी, आणि बाजेवर राधाकिशन. थोड्या वेळानं त्या मारुतीच्या देवळातून आल्या. शनिवार होता. हातात रुईचं पान, पानावर मारुतीच्या अंगाचा शेंदूर, तेलात चांगला कालवलेला, ओला.

“जावईबापू,” त्या गाडीपाशी थांबून म्हणाल्या, “मला बाई हिची भीती वाटती. एवढी पळती. हिला थांबिवतंय काय?”

राधाकिशननं हनुवटीनं दाखवलं. “ती चकती. तिला धरलं की गाडी थांबती.”

“मंजी लेकरू सगळं हिच्यावर हाय म्हणा की.”

“व्हय.”

“मग हिलाच लावते. देवाचा हात आसू द्या हिच्यावर.”

म्हातारीनं दोन बोटं शेंदरात बुडवली आणि त्या दोनदा पुसलेल्या चकतीवर खालपासून वरपर्यंत ओढली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटली. तेल चकतीवरून ओघळलं आणि रिमवर टपटपलं.

राधाकिशनच्या जिभेवर “अहो” आलं होतं. हो, आलं होतं, खोटं का बोलू? डिस्कवर तेल म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक? चाक एकदा फिरलं की ते तेल नव्या पॅडमध्ये मुरणार. मग लिव्हर कितीही दगडासारखा लागू दे, पॅड नुसते घसरणार. लोण्यात सुरी धरावी तसं. हे सगळं त्याला एका क्षणात कळलं, आणि तरी तो मूग गिळून बसला. स्वतःच करायचं होतं ना? करू दे. मोबाइलला इचार म्हणावं आता. लई तर काय होईल, पहिल्या वळणाला घाबरेल, मागचा ब्रेक दाबून कसाबसा थांबेल, गाडी ढकलत परत येईल आणि म्हणेल, दाजी, बघा की जरा. इथवर त्यानं विचार केला आणि विचार तिथंच थांबवला. पुढं नांदेडचा हायवे होता, हायवेवर उसाचे रिकामे ट्रक होते, आणि ट्रक कुणाच्या साडूची वाट बघत नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. अरे राधाकिशना! चुलतभावाच्या पाण्यावर जळलास, टपरीवाल्याच्या फ्रीजवर जळलास, चल, माफ. पण हे?

तास गेला. ओमप्रकाश न्हाऊन, नवा सदरा घालून आला. चकतीवरचा शेंदूर त्यानं बघितला. सकाळी तीनदा साबणानं हात धुणारा हाच माणूस! पण हाताचं तेल म्हणजे घाण आणि देवाचं तेल म्हणजे आशीर्वाद, ही समजूत कॉलेजात जाऊन पुसत नाही. त्यानं वाकून चाकाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि उठला.

“पानं वाढायच्या आधी स्टेशनपातूर एक चक्कर मारून येतो. ताई, चला! ब्रेकची हवा तुमी काढलीय, पहिला मान तुमचा.”

“आगं बया, मी?” कोकिळा दारात हसत म्हणाली.

“जा गं ताई,” पंकजानं तिला ढकललं. “पर एका अंगाला बसू नको, सीट उंच हाय. दोन्हीकडं पाय टाकून बस.”

कोकिळा आयुष्यात कधी अशी बसली नव्हती. राधाकिशनच्या गाडीवर चौदा वर्षं ती एका बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. डिस्क गाडीच्या उजव्या अंगाला, ती आली डाव्या अंगानं, तिला काही दिसलं नाही. तिनं साडी सावरली, पायरीवर पाय दिला आणि पोरीसारखी खिदळत वर चढली. एक हात मेहुण्याच्या खांद्यावर. ओमप्रकाशनं बटण दाबलं. गाडी गुरगुरली.

राधाकिशन बाजेवरून कधी उठला, ते त्याचं त्यालाही आठवत नाही. पुढचं चाक दोन्ही मांड्यांत धरून तो हँडलला लोंबकळला होता आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होता, “उतर! कोकिळा, उतर खाली! आधी उतर!”

सगळे थिजले. मग पंकजा हसायला लागली. “काय दाजी! बहिणीवाणी हाय ती त्यायला. तुमी जळायलाव का काय?”

“तेल हाय!” तो म्हणाला. “डिस्कवर तेल हाय. त्यो शेंदूर तेलातला हाय. गाडी थांबायची न्हाई.”

ओमप्रकाशच्या तोंडावरचं रक्त उतरलं. त्यानं गाडी बंद केली, कोकिळा उतरल्यावर स्टँडवर घेतली, वाकून बघितलं आणि तसाच खाली मातीत बसला. “मी... मी हायवेला ऐंशी-नव्वदनं गेलो असतो, दाजी. नांदेडच्या अलीकडंच...”

राधाकिशननं बाजेखालची पिशवी ओढली. पेट्रोलनं चकती पुसली, चार फडकी टाकून दिली, बारीक पॉलिश पेपर मारला, पुन्हा पुसली. चाक फिरलं नव्हतं म्हणून पॅड वाचले. नर्मदाबाई कपाळाला हात लावून रडत होत्या. “म्या जावयाच्या जिवावर उठले व्हते की गं! देवाचं म्हणून लावलं. तुझ्या दाजीलाच इचारून लावलं, थांबिवतंय काय म्हणून. आंघोळीला गेलं व्हतं लेकरू तवा.”

हे त्या पंकजाच्या गळ्यात पडून बोलत होत्या. कुणाचं तिकडं ध्यान नव्हतं. ओमप्रकाश दाजीचे पाय धरत होता, पंकजा डोळे पुसत होती. एकट्या कोकिळेचं ध्यान होतं. ती रिमखाली मातीकडं बघत होती. तिथं तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता, आणि डागाच्या कडेला तेल मातीत मुरून त्यावर धूळ बसली होती. हाताच्या नजरेनं ब्रेक ओळखणारी बाई ती. शेंदूर आत्ता लागलेला नाही, हे तिला कळलं. आणि आपल्या नवऱ्याला नळीतला बुडबुडा चार हातांवरून दिसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ती वळली अन् आत गेली.

मग राधाकिशनला ते सगळं मिळालं, ज्याच्यासाठी तो इतकी वर्षं आतून जळत होता. पहिला पाट त्याला. पहिलं औक्षण त्याचं. नर्मदाबाई त्याच्यापुढं हात जोडून म्हणाल्या, “तुमी व्हता म्हणून माझ्या पंकीचं कुंकू ऱ्हायलं.” ओमप्रकाशनं शेजारच्या चार माणसांना बोलावून सांगितलं, “माझा जीव दाजीनं वाचिवला. नुसत्या नजरेनं वळखलं ह्या माणसानं! आजपासून माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई, माझासुदिक न्हाई.” माणसांनी माना डोलावल्या. कोकिळा वाढत होती. त्याच्या पानात तिनं धोंडे वाढले, तूप वाढलं, आग्रह केला नाही. तो एक घास तोंडात घालून बराच वेळ तो चावत बसला.

दोनच्या सुमाराला ओमप्रकाश निघाला. वेशीपर्यंत त्यानं दोनदा ब्रेक मारून बघितला, दोन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली, आणि त्यानं वळून दाजीला अंगठा दाखवला.

संध्याकाळी पूर्णेहून पालमची एसटी मिळाली. गर्दी नव्हती. कोकिळा खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी. नर्मदाबाईंनी बांधून दिलेला डबा त्याच्या मांडीवर होता. कंडक्टर तिकीट देऊन पुढं गेल्यावर ती बोलली, एरवी बाजाराचं बोलावं इतक्या हलक्या आवाजात.

“मी बसले नसते तर बोलला असताव का?”

“व्हय” म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? शब्द एवढासा. घरी पोरगी होती, गॅरेज होतं, अठरा वर्षांचा संसार होता, आणि सगळं त्या एका “व्हय”वर सांभाळून गेलं असतं. तिनंही कदाचित पुढं विचारलं नसतं. त्यानं डब्याच्या कडीवरून अंगठा फिरवला.

“न्हाई,” तो म्हणाला.

कोकिळानं मान हलवली. ती बाहेरच्या काळ्या नांगरटीकडं बघायला लागली. मग त्याच्याकडं न बघताच म्हणाली,

“पंकी एकोणतीस वर्षांची हाय हो.”